फ्रंट व्हीलवरनं रिअर व्हीलवर: पहिल्यांदा स्पोर्ट्स सेडान घेतलेल्या कोल्हापूरकरांसाठी

आपल्याकडं वापरलेल्या थ्री सिरीज, सी-क्लास, जॅग्वार एक्सई आता बऱ्यापैकी दिसायला लागल्यात, पुण्या-मुंबईतनं जमेल त्या बजेटात मिळतात आणि घेणारा बहुतेक आधी स्विफ्ट, पोलो, सिटी, व्हर्ना नाहीतर ऑक्टाव्हिया चालवून आलेला असतो. म्हणजे आजवर हातात आलेली प्रत्येक गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. मग पहिला पाऊस पडला की सुरू होतं, गाडी मागनं सुटल्यागत वाटतीय, हायवेला स्टिअरिंग इकडंतिकडं ओढतंय, वळणात डॅशवर पिवळा लाईट लुकलुकतोय, आणि कोणतरी शहाणा सांगतो की रिअर व्हील गाडी आपल्या रस्त्याला चालत नाही, विकून टाक. मला हे अजिबात पटत नाही. या गाड्या नीट चालवल्या तर घाटात यांच्याइतकी बोलकी गाडी दुसरी नाही, फक्त दोन गोष्टी जागेवर पाहिजेत, मागचे टायर आणि तुमचा उजवा पाय. खाली त्याच क्रमानं लिहितोय आणि क्रम मोडू नका, कारण टायर गेलेले असतील तर पायाला कितीही वळण लावा, काही उपयोग नाही.

पायरी १: गाडी खरंच मागनं ढकलणारी आहे का बघा

बॅज बघून ठरवू नका. थ्री सिरीजमधली ३२०डी आणि ३३०आय मागच्या चाकांवर चालते, पण एम३४०आय एक्सड्राइव्ह आहे म्हणजे चारी चाकांवर. टू सिरीज ग्रान कूपे बीएमडब्ल्यू असली तरी फ्रंट व्हील. मर्सिडीजची सी-क्लास रिअर, पण ए-क्लास लिमोझिन फ्रंट. जॅग्वार एक्सई रिअर. हे आधी पक्कं करा, कारण पुढचं सगळं रिअरवाल्यांसाठी आहे.

आणि मागनं ढकलणारी गाडी आपल्याला नवीनपण नाही. ॲम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा या सगळ्या रिअरच, आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याच गाड्या भर पावसात कोकणात नेल्या आणि आणल्या. फरक ताकदीचा आहे. व्हर्टसचं १ लिटर इंजिन १७८ न्यूटन मीटर टॉर्क (चाक फिरवायची ताकद) देतं, आत्ताची ३३०आय ४०० देते आणि तीपण १५५० आरपीएमपासनं. म्हणजे पाय जरा जोरात पडला तरी सगळी ताकद लगेच मागच्या दोन टायरवर येऊन बसते.

पायरी २: नक्की काय बदललं ते डोक्यात बसवा

टायरकडं पकड मोजकीच असते, ती वळायला वापरा, ब्रेकला वापरा नाहीतर रेसला, एका कामाला जास्त दिली की दुसऱ्याला कमी उरते. फ्रंट व्हील गाडीत पुढच्या टायरनी वळायचंपण आणि ओढायचंपण, वर गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढंच. त्यामुळं वळणात जास्त रेस दिली की पुढचे टायर दमतात आणि गाडी वळायच्याऐवजी सरळ बाहेरच्या बाजूला जायला लागते, याला अंडरस्टीअर म्हणतात. अशा वेळी तुम्ही काय करता, पाय उचलता, वजन पुढं येतं, पुढच्या टायरला पकड मिळते आणि गाडी परत लाईनला येते. वर्षानुवर्षं हेच केलंय म्हणून आता ते विचार न करता होतं.

रिअर व्हील सेडानमध्ये इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं असतं, बोनेटखाली बरंच मागं सरकवलेलं, आणि वजन पुढं-मागं जवळपास निम्मं-निम्मं. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी ढकलायचं. म्हणून स्टिअरिंग इतकं स्वच्छ वाटतं, रेस दिली तरी हातात ओढ येत नाही. पण वळणात जोरात रेस देऊन पकड संपली तर पहिल्यांदा मागची संपते. भरलेली हातगाडी वळवताना मागनं जोरात ढकलली की तिचा मागचा भाग कसा बाहेर फिरतो, तसंच होतं, याला ओव्हरस्टीअर म्हणतात. आणि इथं तुमची जुनी सवय आडवी येते. घाबरून पाय झटकन उचलला की वजन पुढं जातं, मागची बाजू हलकी होते, वर इंजिन ब्रेकिंगपण (रेस सोडल्यावर इंजिन चाकांना धरतं ते) मागच्याच दोन चाकांवर लागतं, म्हणजे ज्या टायरला आधीच पकड कमी पडतीय त्यालाच तुम्ही आणखी मागं खेचताय. जी हालचाल फ्रंट व्हीलमध्ये वाचवत होती तीच इथं शेपूट फिरवते. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

पायरी ३: मागचे टायर

यावर जरा जास्तच लिहितोय कारण बहुतेकांची हँडलिंगची तक्रार इथंच मिटते.

या गाड्यांत बऱ्याचदा पुढं-मागं वेगळ्या साइजचे टायर असतात, उदाहरणार्थ थ्री सिरीजच्या १८ इंची सेटमध्ये पुढं २२५/४५ आणि मागं २५५/४०. ढकलायचं काम मागचे करतात म्हणून झिजतातपण तेच आधी. स्विफ्टमध्ये आपण दर काही हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं करून घेत होतो, इथं साइजच वेगळी असल्यानं ते जमतच नाही. याचा अर्थ नीट बघा. गाडी नवीन असताना पुढची आणि मागची पकड जुळलेली असते, मग महिन्यामागून महिने मागची नक्षी कमी होत जाते, पुढची टिकून राहते, कोरड्यात काहीच कळत नाही कारण कोरड्यात घासलेला टायरपण चांगला धरतो, आणि मग एक दिवस मे महिन्यात वळीव पडतो आणि त्याच रोजच्या वळणावर गाडी वेगळीच वागते. गाडी बिघडलेली नसते, तिचा पुढचा-मागचा मेळ हळूहळू सरकलेला असतो आणि पावसानं तो उघडा पाडला.

म्हणून गाडी घेतल्या घेतल्या चारी टायरची नक्षी मोजा. कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर आहे, ती फक्त पासिंगपुरती धरा. पावसाळ्यासाठी मागं ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मी तरी ती गाडी घेऊन घाट उतरणार नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३२१ असं असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. वापरलेल्या गाड्यांत हे बघाच बघा, कारण या गाड्या कमी फिरलेल्या असतात, नक्षी भरपूर दिसते पण रबर सहा-सात वर्षांचं, कडक झालेलं. असला टायर दिसायला नवा आणि ओल्यात साबण. आणि विकणाऱ्यानं मागं कुठल्यातरी स्वस्त ब्रँडची जोडी घालून पुढं ओरिजिनल ठेवलेली असेल तर ती जोडी आधी बदला, म्युझिक सिस्टीम नंतर. एकाच ॲक्सलवर दोन वेगळे टायर तर कधीच नको. दोनच टायर घ्यायची ऐपत असेल आणि चारी एकाच साइजचे असतील तर नवे मागं टाका.

हवेचा मुद्दा वेगळाच. हवा भरणारा विचारतो, "साहेब, सगळ्यात ३५ मारू?" नाही म्हणायचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला स्टिकर असतो, त्यावर पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा, दोन माणसं असतील तर वेगळा आणि भरलेली गाडी असेल तर वेगळा असतो. तो आकडा थंड टायरचा आहे, म्हणजे सकाळी घरातनं निघाल्या निघाल्या जवळच्या पंपावर, शिरोलीपर्यंत हाणून आल्यावर नाही. पुढं-मागं दोन-तीन पीएसआयचा फरक या गाड्यांत हाताला कळतो.

पायरी ४: खालची तपासणी

हायवेला गाडी आपोआप डावी-उजवी ओढते ही तक्रार रुंद टायरची आहे. ट्रकच्या चाकांनी रस्त्यात ज्या लांब पट्ट्या दबलेल्या असतात त्यांच्या कडेला रुंद टायर धरतो आणि त्या दिशेला जायला बघतो. पुणे-बंगळूर हायवेच्या डाव्या लेनमध्ये हे जास्त जाणवतं. स्टिअरिंग आवळून धरू नका, ढिलं पण दोन्ही हातांनी धरा, गाडी स्वतःच मधे येते. पण ओढ सपाट काँक्रीटवरसुद्धा असेल किंवा ब्रेक मारल्यावर वाढत असेल तर पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि शॉकअप बघून घ्या.

अलाइनमेंट चारी चाकांचं करून घ्या. साध्या हॅचबॅकमध्ये मागं ॲडजस्टमेंटच नसते म्हणून बरेच जण फक्त पुढचं करून देतात. या गाड्यांना मागं मल्टीलिंक (बऱ्याच दांड्यांचं सस्पेन्शन) असतं, तिथलं टो, म्हणजे चाकं आत बघतात की बाहेर तो कोन, हलतं. मागची चाकं किंचित आत बघणारी असावी लागतात, ती बाहेर बघायला लागली की लेन बदलताना शेपूट अस्वस्थ वाटते, आणि एक मोठा खड्डा त्याला पुरेसा आहे. हायवेच्या सहापदरी कामाच्या डायव्हर्जनमध्ये एक दणका बसला असेल तर न चुकता करून घ्या आणि आधीचा-नंतरचा प्रिंट मागा.

पायरी ५: इलेक्ट्रॉनिक्सला हात लावू नका

घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टीम या गाड्यांत असते, बीएमडब्ल्यू तिला डीएससी म्हणते, मर्सिडीज ईएसपी, काम एकच. १९९५ ला मर्सिडीजनं एस-क्लासमध्ये हे पहिल्यांदा आणलं. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतीय हे सतत ताडून बघायचं आणि फरक पडला की इंजिनची ताकद कमी करून एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावायचा. शेपूट बाहेर गेली की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरतं आणि गाडीला परत सरळ ओढतं. हे तुम्ही पायानं कधीच करू शकणार नाही कारण ब्रेकचं पेडल एकच आहे.

पिवळा लाईट लुकलुकला म्हणजे गाडी बिघडली असं नाही, तिनं तुम्हाला आत्ता सावरलं असं आहे. त्याकडं निरोप म्हणून बघा. रोजच्या रस्त्यावर रोज लुकलुकत असेल तर एकतर टायर गेलेत नाहीतर पाय जड आहे. लाईट कायमचा लागून राहिला असेल तर मात्र सिस्टीम बंद आहे किंवा फॉल्ट आहे, तो आधी बघून घ्या.

बीएमडब्ल्यूत डीएससीचं बटण एकदा दाबलं की सिस्टीम थोडी ढिली होते, काही सेकंद दाबून धरलं की बंद होते. बऱ्याच मॉडेलमध्ये स्पोर्ट प्लस लावल्यावरपण ती आपोआप ढिली होते आणि हे लोकांना माहीतच नसतं, आवाज चांगला येतो म्हणून लावून ठेवतात. सुरुवातीला कम्फर्ट मोड. स्पोर्टमध्ये तेवढ्याच पायाला जास्त रेस मिळते आणि तुम्ही तर अजून पायच शिकताय. पावसात स्पोर्टला हात नाही.

पायरी ६: सुरुवातीचे आठवडे गावातच

घाट लांब आहे, आधी गाव. गावात शेपूट सुटायची नेहमीची जागा म्हणजे साइडच्या गल्लीतनं मेन रोडला घाईनं घुसताना. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, समोरनं केएमटीची बस येतीय, मधे फट दिसली आणि तुम्ही रेस दाबली. फ्रंट व्हीलमध्ये टायर किरकिरला असता एवढंच, इथं मागचं आतलं चाक घसरतं आणि गाडी ठरवल्यापेक्षा जास्त वळते. ओल्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्या, गटारीची लोखंडी झाकणं आणि स्टॉपवरच्या सांडलेल्या डिझेलवर तर हमखास. त्यामुळं सवय लावा, आधी गाडी हलू द्या, स्टिअरिंग सरळ व्हायला लागू द्या, मग रेस. फट लहान असेल तर सोडून द्या.

पायाची टाच जमिनीवर टेकवून ठेवा आणि फक्त पंजा दाबा, उचलतानापण तसंच, सावकाश. सीट जवळ घ्या, ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली हवी, कारण शेपूट हलल्याचं पहिल्यांदा पाठीला आणि कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. मागं रेलून एका हातानं चालवणाऱ्याला ते कळायच्या आत डीएससीला कळलेलं असतं.

पायरी ७: वळण कसं घ्यायचं

आता खरी मजा. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वेग हवा तेवढा कमी झाला की ब्रेक झटकन सोडायचा नाही, स्टिअरिंग वळायला लागेल तसतसा हळूहळू सोडायचा, म्हणजे पुढच्या टायरवर वजन टिकतं आणि नाक छान आत येतं. मग मधे एक टप्पा असतो जिथं ब्रेकपण नाही आणि वेग वाढवायचापण नाही, फक्त गाडी आहे त्या वेगात राहील एवढीच नाममात्र रेस. नवीन लोक हा टप्पा गाळतात, ब्रेकवरनं थेट रेसवर उडी, आणि तिथंच गाडी डगमगते. नजर वळणाच्या शेवटाकडं. शेवट दिसला आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की ते जितकं सरळ होईल तितका पाय खाली. हात आणि पाय दोरीनं बांधलेत असं धरून चाला, हात उघडला तर पाय दाबायचा, हात वळलेला असेल तर पाय हलका. या गाड्या वळणातनं बाहेर पडताना जी ढकल देतात ना, मागची बाजू जरा बसते आणि गाडी पुढं फेकली जाते, त्यासाठीच तर पैसे मोजलेत.

ऑटोमॅटिकवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, किकडाउन. वळणात मधेच वाटलं की गाडी ओढत नाही म्हणून पाय खाली दाबला की गिअरबॉक्स एकदम दोन गिअर खाली येतो आणि टर्बोची ताकद क्षणभर उशिरा, एका झटक्यात येते. झेडएफ कंपनीच्या आठ स्पीडच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचं रेशो ३.१४ आणि चौथ्याचं १.६७, म्हणजे त्या एका दाबात मागच्या चाकांवरचा टॉर्क जवळजवळ दुप्पट, तोही स्टिअरिंग वळलेलं असताना. म्हणून घाटात मॅन्युअल मोडला टाका, वळणाच्या आधी गिअर ठरवा आणि वळण संपेपर्यंत तोच राहू द्या. स्टिअरिंगमागच्या पॅडलनं वळणाच्या मधे खालचा गिअरपण टाकू नका, ओल्यात तर नाहीच, कारण त्या झटक्याचं इंजिन ब्रेकिंगपण मागच्याच चाकांना बसतं.

पायरी ८: घाट

चढ आणि उतार दोन वेगळे विषय आहेत. चढताना वजन मागं असतं, मागच्या टायरला पकड मिळते, आंबा घाट खालनं साखरप्याकडनं वर येताना रिअर व्हील गाडी फ्रंटपेक्षा कितीतरी सुखानं ओढते. फक्त एकदम आखूड हेअरपिन वळणाला आतलं मागचं चाक हलकं होतं आणि साधं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) असल्यानं तेच फिरत राहतं, तिथं दुसऱ्या गिअरमध्ये अलगद पाय.

उतार अवघड आहे. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा उतरताना, फोंड्याला राधानगरी-दाजीपूरकडनं उतरताना, किंवा आंबोलीतनं सावंतवाडीकडं, वजन आधीच पुढं सरकलेलं असतं आणि मागची बाजू हलकी. त्यात वळणात ब्रेक मारला की ती आणखी हलकी होते. वेग आधीच कमी करा, खालचा गिअर सरळ रस्त्यावरच टाकून ठेवा आणि इंजिनला धरू द्या, ब्रेक सतत घासत उतरू नका. झाडीतल्या सावलीच्या वळणांवर शेवाळ असतं, कठड्याकडनं जांभ्याची लाल माती वाहून आलेली असते, आणि डोंगराच्या बाजूनं येणारं पाणी नेमकं वळणात रस्ता ओलांडतं. गगनबावडा हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका आहे, तिथं धुक्यात वळणाचा शेवट दिसतच नाही, आणि शेवट दिसत नसेल तर वर सांगितलेलं रेसचं सगळं विसरा, नाममात्र रेसवरच संपूर्ण वळण काढा.

पन्हाळा आणि जोतिबाच्या रस्त्यावर पहाटे गाडी "मोकळी करायला" जाणाऱ्यांना कळकळीची विनंती, तिथं चालत येणारी माणसं असतात, अनवाणी भाविक असतात. तिथं नको.

पायरी ९: शेपूट सुटलीच तर

नजर जिथं जायचंय तिथं. कठड्याकडं बघितलं तर हात कठड्याकडंच जातात. पाय थोडा आणि सावकाश हलका करा, पूर्ण उचलू नका. शेपूट डावीकडं गेली तर स्टिअरिंगपण डावीकडं, उजवीकडं गेली तर उजवीकडं, आणि थोडंच. एवढ्यात डीएससी आपलं काम करतीच आहे. मग शेपूट परत यायला लागली की लगेच, जरा आधीच, स्टिअरिंग सरळ करा. लोक पहिली घसर सावरतात आणि इथं फसतात. उलटं वळवलेलं स्टिअरिंग तसंच धरून ठेवतात, मागच्या टायरला अचानक पकड मिळते आणि गाडी दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फेकली जाते.

गाडी पूर्ण फिरायलाच लागली, आता सावरत नाही असं झालं तर ब्रेक पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. एबीएस (ब्रेकला चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असतं, गाडी निदान थांबते आणि कुठं थांबणार याचा अंदाज राहतो.

पायरी १०: सराव कुठं करायचा

वाचून हे येत नाही, अंगात बसावं लागतं. त्यासाठी आपल्याइतकं नशीबवान गाव महाराष्ट्रात क्वचितच असेल, कारण मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक (छोट्या बसक्या रेसिंग गाड्यांचा) आपल्या कोल्हापुरातच आहे. कार्टचं इंजिन मागचा ॲक्सल फिरवतं, त्याला डिफरन्शियल नसतं, एबीएस नाही, डीएससी नाही. पाय जरा चुकला की शेपूट बाहेर, आणि बुड जमिनीपासनं चार बोटं वर असल्यानं सगळं पाठीला स्पष्ट कळतं. काही सेशन मन लावून करा, वेळ मोजू नका, फक्त पाय आणि हात बांधलेत का एवढंच बघा. माझ्या मते गाडीला महागडा एक्झॉस्ट लावण्यापेक्षा हे पैसे सत्कारणी लागतात.

स्वतःच्या गाडीत सराव करायचा असेल तर मालकाची परवानगी घेतलेलं मोठं मोकळं आवार, भोवती खांब, कट्टे, माणसं काही नाही, आणि पाऊस पडून गेलेला. डीएससी चालूच. पहिला सराव, सरळ ४० च्या वेगात ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून एबीएसची थरथर पायाला ओळखीची करून घ्या, बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा ती खऱ्या संकटात अनुभवतात आणि दचकून पाय उचलतात. दुसरा, २०-२५ च्या वेगात मोठा गोल फिरत राहा आणि रेस कणाकणानं वाढवा, नाक कधी बाहेर जायला लागतं, लाईट कधी लुकलुकतो, मग पाय सावकाश सोडल्यावर काय होतं आणि जरा पटकन सोडल्यावर काय होतं ते बघा. पायरी २ मध्ये जे लिहिलंय ते इथं पाठीला कळेल. डीएससी बंद करून काय होतं हे बघायची हौस असेल तर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या खऱ्या ट्रॅकवर, शिकवणारा शेजारी बसवून.

पायरी ११: आपल्याकडचे रस्ते, पाऊस आणि ऊस

वर्षातला सगळ्यात घसरडा दिवस भर जुलैतला नसतो, पहिल्या वळवाचा असतो. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, रबर, धूळ पहिल्या अर्ध्या तासात वर तरंगते. शक्य असेल तर तेवढा वेळ थांबाच.

जोराच्या पावसात हायवेला पाणी ट्रकच्या चाकांनी दबलेल्या पट्ट्यांत साचतं. नक्षी गेलेला, ३२ पीएसआय हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर साधारण ९० ते ९५ च्या वेगाला तरंगायला लागतो, म्हणजे ज्या वेगाला आपण आरामात चाललोय असं वाटतं तिथंच. पावसात क्रूझ कंट्रोल बंद, वेग ७०-८०. तरंगलं तर आरपीएम एकदम वर जातो आणि स्टिअरिंग हलकं होतं, तेव्हा पाय सावकाश सोडा, स्टिअरिंग सरळ, ब्रेक नाही, पाण्यातनं बाहेर पडेपर्यंत धीर धरा.

कारखाने सुरू झाले की ऊस. शेतातनं बाहेर पडणाऱ्या ट्रॉल्या चाकाला चिकटलेला चिखल डांबरावर आणतात, पडलेलं पाचट आणि चिरडलेल्या कांड्या दवानं ओल्या होतात, आणि शेताच्या तोंडाशी नेमकं वळण असतं. कागल, हुपरी, कुडित्रे, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्यावर सकाळी सकाळी हे असतंच. ट्रॉली ओव्हरटेक करतानापण एकदम पूर्ण पाय दाबू नका, सरळ व्हा, मग दाबा. रात्री विनालाईटची दुसरी ट्रॉली मागं जोडलेली असते हे धरूनच चाला.

पुराच्या पाण्यात ही गाडी घालायचीच नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता, पण गल्लीबोळातलं गुडघ्याएवढं पाणीपण या गाडीला पुरतं, ती बसकी आहे आणि इंजिनमध्ये हवा घेणारं तोंड खाली असतं. पाणी आत गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनचाच खर्च.

रनफ्लॅट टायर असतील तर डिकीत स्टेपनी नसते. पूर्ण हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर ८० च्या वेगानं जाता येतं, पण खड्ड्यात साइडवॉल कापली गेली तर तेवढीही खात्री नाही, आणि गगनबावड्यात १८ इंची रनफ्लॅट कोण देणार. लांब जाताना पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप टाका. साध्या टायरवर जायचं असेल तर चारी एकदम बदला, गाडी मऊ चालते आणि शेपूट सुटतानापण आधी सांगून सुटते, रनफ्लॅटची कडा कडक असल्यानं तो जरा अचानक सोडतो. रिमॅप (इंजिनची ताकद वाढवणारं प्रोग्रामिंग), स्पेसर (चाकं बाहेर काढणाऱ्या चकत्या), लोअरिंग स्प्रिंग (गाडी आणखी खाली बसवणाऱ्या) यातलं काहीही निदान एक पावसाळा पूर्ण होईपर्यंत नको.

आणि घरात गाडी चालवणारे आणखी कोण असतील, भाऊ, वहिनी, पोरगा, तर त्यांना किल्ली देण्याआधी शेजारी बसून गावातनं एक फेरी मारा, गल्लीतनं मेन रोडला घुसणं आणि ओल्यात ब्रेक मारणं एवढं दाखवा, मोड कम्फर्टला आहे आणि डीएससी चालू आहे हे बघून मगच उतरा.